पौंडभर मांस, ओंजळभर पाणी

शाळेत असताना इंग्रजी पाठांतराच्या स्पर्धेत मी पोर्शियाचं भाषण म्हटलं होतं. दया काही जबरदस्तीने होत नाही, ती आकाशातून अलगद उतरणाऱ्या पावसासारखी असते, देणाराही तिने पावन होतो आणि घेणाराही, वगैरे. बावीस ओळी. बाईंनी हावभाव बसवून घेतले होते. 'पाऊस' आला की दोन्ही हातांची बोटं वरून खाली आणायची. मला दुसरं बक्षीस मिळालं, शाईचं पेन. हे भाषण कोण कुणाला करतंय एवढं मला माहीत होतं: एक हुशार बाई एका दुष्ट सावकाराला. पण त्या बावीस ओळींनंतर त्याच दालनात काय होतं, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' अख्खं वाचलं ते कॉलेज संपल्यावर. तेव्हा त्या बोटांची लाज वाटली.

पुढे काय होतं ते आधी सांगतो, कारण गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि हा भाग नेमका गळलेला असतो. शायलॉक या ज्यू सावकाराने अँटोनियो या व्यापाऱ्याला तीन महिन्यांसाठी तीन हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, दिलेत. मुदतीत परत आले नाहीत तर पौंडभर मांस, असं खत आहे. मुदत टळते. शायलॉक न्यायसभेत सुरी परजत उभा राहतो. वकिलाच्या वेषात आलेली पोर्शिया आधी दयेची महती सांगते, मग खतावर बोट ठेवते: मांस घे, रक्ताचा थेंब सांडता कामा नये. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. टाळ्या इथेच पडतात.

शायलॉक म्हणतो, बरं, माझी मुद्दल द्या, मी जातो. पोर्शिया म्हणते, थांब. व्हेनिसचा एक कायदा आहे. एखाद्या परक्याने इथल्या नागरिकाच्या जिवावर टपल्याचं सिद्ध झालं तर त्याची निम्मी संपत्ती त्या नागरिकाला, निम्मी सरकारला, आणि जीव ड्यूकच्या, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाच्या, मर्जीवर. 'परक्याने' हा शब्द ऐका. या शहरात घरदार, धंदा, मुलगी, प्रार्थनामंदिर असलेला माणूस कायद्याच्या वहीत परका. तो कायदा इतका वेळ खिशात होता आणि दयेच्या व्याख्यानानंतर बाहेर आला.

ड्यूक जीव बक्षतो. मग पोर्शिया अँटोनियोला विचारते, तुम्ही याच्यावर काय दया कराल? आणि अँटोनियो दया करतो. अर्धी मालमत्ता मी सांभाळीन, हा मेल्यावर ती याच्या मुलीला पळवून नेणाऱ्या जावयाला देईन. उरलेलीही याने मरणानंतर त्या दोघांच्या नावे करून द्यावी. आणि याने लगोलग ख्रिश्चन व्हावं. नाही म्हटलं तर ड्यूक माफी मागे घ्यायला तयार आहे. पोर्शिया विचारते, समाधान आहे ना, ज्यू? शायलॉक म्हणतो, समाधान आहे. मग म्हणतो, मला जाऊ द्या, बरं वाटत नाहीये, कागद मागाहून पाठवा, सही करतो. तो जातो आणि नाटक संपेपर्यंत पुन्हा दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या नाटकातला जुलूम पौंडभर मांसाचा नाही. ते मांस कापलंच जात नाही. जुलूम होतो तो बाप्तिस्म्याच्या ओंजळभर पाण्याचा, आणि नाटकातली सगळी भली माणसं त्याला दया म्हणतात. हे नाटक शिकवायचं, करायचं की बाजूला ठेवायचं हा वाद जगभर अधूनमधून पेटतो. त्यात दोन्हीकडचे लोक या पाण्याबद्दल बोलले नाहीत तर वाद फुकट आहे.

हे धर्मांतराचं कलम शेक्सपिअरला आयतं मिळालेलं नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. पौंडभर मांसाची गोष्ट त्याने 'इल पेकोरोने' या इटालियन कथासंग्रहातून उचलली. तो १५५८ साली छापला गेला. त्या कथेतही ज्यू सावकार आहे, पोर्शियासारखीच बेलमाँट गावची बाई आहे, वकिलाचा वेष आहे, रक्ताच्या थेंबाची मेख आहे. पण डाव उलटल्यावर तो ज्यू संतापाने खत फाडतो आणि चालता होतो. धर्म बदलायला त्याला कुणी सांगत नाही. ते शेक्सपिअरने घातलं.

का घातलं? इंग्लंडमधून ज्यूंना पहिल्या एडवर्डने १२९० साली हाकलून दिलं होतं आणि परत उघडपणे राहायची वाट मोकळी झाली ती १६५६ मध्ये, क्रॉमवेलच्या काळात. म्हणजे हे नाटक १५९६ ते १५९८ च्या सुमारास लिहिलं गेलं तेव्हा लंडनच्या प्रेक्षकांत उघडपणे ज्यू म्हणून राहणारा माणूस पाहिलेला जवळजवळ कुणी नव्हता. न पाहिलेल्या माणसाचा द्वेष करणं सोपं असतं. तो कधी समोर येऊन 'मी तसा नाही' म्हणत नाही. मात्र एक ज्यू वंशाचा माणूस सगळ्या लंडनला माहीत होता. रॉडरिगो लोपेझ, एलिझाबेथ राणीचा वैद्य, पोर्तुगालमध्ये जन्मलेला, ख्रिश्चन म्हणून राहणारा. राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून जून १५९४ मध्ये त्याला टायबर्नला फासावर चढवलं. तिथे तो म्हणाला, माझं राणीवर येशूइतकंच प्रेम आहे. त्या काळच्या इतिहासकाराने नोंदवलंय की हे ऐकून गर्दी हसली. बाप्तिस्मा झालेला माणूस मरताना येशूचं नाव घेतो आणि लोकांना तो विनोद वाटतो.

त्या गर्दीतली काही माणसं दोन-चार वर्षांनी हे नाटक बघायला आली असणार. त्यांच्या लेखी शायलॉकचा बाप्तिस्मा म्हणजे खरोखरच उपकार होता, कारण त्याने त्याचा आत्मा नरकातून सुटत होता. शेक्सपिअर स्वतः त्यांच्यातला होता की नव्हता, या प्रश्नात मला फार रस नाही. तो संत होता असं सिद्ध करायला आपण त्याचे कोण लागतो? पण त्याने जे लिहून ठेवलं ते त्या गर्दीला सोयीचं नाही, हे संहितेतच दिसतं.

आता आपल्याकडचं. मराठी वाचक हे नाटक वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ज्यू येत नाही, सावकार येतो. आपला ज्यू कुठला, तर कोकणातला: घाणा चालवणारा, शनिवारी तो बंद ठेवणारा, म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलेला, अलिबाग-पेणच्या बाजूचा, केहीमकर, पेणकर, नवगावकर अशा आडनावांचा. त्याचा आणि शायलॉकचा सांधा जुळत नाही. म्हणून आपण शायलॉकला आपल्या ओळखीच्या खुर्चीत बसवतो: चोपडी, खत, अंगठा, जप्ती. मग नाटक कर्जाबद्दलचं होऊन जातं आणि सावकाराची जिरली म्हणून आपण खूश होतो.

पण आपल्याच इतिहासाशी ताडून पाहा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्यांना काय हवं होतं? खतं. दस्तऐवज हातात पडले की त्यांची होळी करायची. सावकार मुकाट्याने कागद देत असेल तर माणसाच्या अंगाला सहसा हात लावला नाही. भुकेने आणि व्याजाने पिचलेल्या त्या लोकांना एकदाही सुचलं नाही की सावकाराला म्हणावं, आता तुझा देव बदल. कर्जाचं भांडण कागद जळला की संपत होतं. व्हेनिसमध्ये खत निकामी झाल्यावर खरा निकाल सुरू होतो. म्हणजे मुळात भांडण कर्जाचं नव्हतंच.

हे लिहून आपली पाठ थोपटून घेता येत नाही, कारण त्याच दंग्यांच्या चौकशी आयोगाने आणखी एक गोष्ट टिपून ठेवलीय. झळ बसली ती मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांना. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकार होते, तिथे ते बहुधा वाचले. व्याज सगळेच घेत होते. राग निघाला तो बाहेरून आलेल्यांवर. परका कोण हे आधी ठरतं आणि गुन्हा मग त्याच्या मापाने शिवला जातो, हे आपल्यालाही जमतं.

व्हेनिसने तो गुन्हा फार नीट शिवला होता. चर्चच्या शिकवणीत व्याज घेणं पाप. व्यापाराला तर कर्ज लागतंच. मग पाप कुणाकडून करून घ्यायचं? ज्यूंना बहुतेक धंदे बंद. सावकारी, जुन्या कपड्यांचा व्यापार, वैद्यकी अशा थोड्याच वाटा खुल्या. मार्च १५१६ मध्ये व्हेनिसने त्यांना शहराच्या एका कोपऱ्यात, जुन्या ओतशाळेच्या जागी राहायला भाग पाडलं. ओतशाळेला तिथल्या बोलीत असलेल्या शब्दावरून 'घेटो' हे नाव पडलं असं मानतात. रात्री फाटकं बंद, पहारेकरी ख्रिश्चन आणि त्यांचा पगार ज्यूंनी भरायचा. बाहेर पडताना पिवळी, पुढे तांबडी टोपी. ही फाटकं उखडली गेली ती १७९७ मध्ये, नेपोलियनचं सैन्य आल्यावर. शेक्सपिअरच्या नाटकात घेटोचं नाव नाही. शायलॉक रात्री ख्रिश्चनांकडे जेवायला जातो, जे खऱ्या व्हेनिसमध्ये अवघडच होतं. पण घेटोचं तर्कशास्त्र नाटकात पुरेपूर आहे: तू आम्हाला लागतोस आणि म्हणूनच तू घाणेरडा आहेस.

अँटोनियो पहा. भर बाजारात शायलॉकवर थुंकलेला, त्याला कुत्रा म्हणून लाथ मारलेला हा सज्जन पैशासाठी त्याच्याच दारात येतो. शायलॉक आठवण करून देतो, तर म्हणतो, मी तुला पुन्हा तसंच म्हणेन, पुन्हा थुंकेन. आपल्याकडे अडला हरी निदान गाढवाचे पाय तरी धरतो. हा उधारी मागताना लाथेचं आश्वासन देतो. आणि नाटकात त्याच्याइतका भला माणूस दुसरा नाही, असं झाडून सगळे म्हणतात! ते खोटंही नाही. मित्रासाठी तो जीव द्यायला तयार आहे. भलेपणा आपल्या माणसांपुरता असला की त्याला कुठे खरचटत नाही.

(जाता जाता: खुद्द शेक्सपिअरच्या वडिलांवर, जॉन शेक्सपिअरवर, १५७० साली बेकायदा व्याज घेतल्याचा आरोप झाला होता. शंभर पौंडांवर वीस पौंड. स्ट्रॅटफर्डमध्ये यासाठी कुणी कुणाला धर्म बदलायला लावला नाही.)

नाटकातला सगळ्यात धारदार परिच्छेद दयेचा नाही आणि 'ज्यूला डोळे नसतात का' हाही नाही. तो न्यायसभेत, पोर्शिया येण्याच्या आधी आहे. ड्यूक विचारतो, तू दया करत नाहीस, तर तुला दयेची आशा कशी? शायलॉक म्हणतो: तुमच्याकडे विकत घेतलेले गुलाम आहेत. गाढवं, कुत्री, खेचरं यांच्यासारखं तुम्ही त्यांना राबवता, कारण तुम्ही त्यांना विकत घेतलंय. मी तुम्हाला म्हणू का, त्यांना मोकळं करा, तुमच्या वारसांशी त्यांची लग्नं लावा, त्यांच्या गाद्या तुमच्याइतक्याच मऊ करा? तुम्ही म्हणाल, गुलाम आमचे आहेत. तसंच हे मांस माझं आहे.

याला उत्तर काय येतं? काहीच नाही. ड्यूक म्हणतो, मी सभा बरखास्त करू शकतो. विषय बदलतो. चारशे वर्षं झाली, त्या वाक्याचं उत्तर त्या दालनात कुणी दिलेलं नाही. शाळेच्या पाठांतरात हा उतारा मी कधी ऐकला नाही. आयसीएसईच्या शाळांत हे नाटक कित्येक वर्षं नेमलेलं होतं, तिथल्या मुलांनी तो परीक्षेपुरता तरी वाचला असेल अशी आशा आहे. न्यायसभाही काय न्यायसभा! शायलॉक आत यायच्या आधीच ड्यूक त्याला अमानुष म्हणून मोकळा झालाय. निकाल देणारी 'वकील' ही प्रतिवादीच्या जिवलग मित्राची बायको, आणि कर्ज त्या मित्रासाठीच काढलेलं. ती शायलॉकला त्याचं नाव विचारते, मग बहुतेक वेळ 'ज्यू' एवढंच म्हणते. तीन पेट्यांतली योग्य पेटी निवडेल त्याच्याशी लग्न अशी पोर्शियाची अट; मोरोक्कोचा राजपुत्र चुकीची पेटी निवडून निघून गेल्यावर, त्याच्या रंगाचे सगळे असेच निवडोत, असं म्हणणारीही हीच. आकाशातला पाऊस कुणाच्या अंगणात पडायचा हे तिचं ठरलेलं आहे.

उदारमतवादी मंडळींचाही एक आवडता उतारा असतो. ज्यूला डोळे नसतात का, टोचलं तर रक्त येत नाही का, गुदगुल्या केल्या तर आम्ही हसत नाही का. सभांमध्ये, भित्तिपत्रकांवर तो इथेच थांबतो. नाटकात तो थांबत नाही. पुढचं वाक्य आहे: आणि तुम्ही आमचं वाईट केलंत तर आम्ही सूड घ्यायचा नाही का? ख्रिश्चनाचं वाईट झालं तर तो काय करतो? सूड घेतो. तुमच्याकडूनच शिकलोय, आणि शिकवलंत त्याहून चांगलं करून दाखवीन. हा बंधुभावाचा जाहीरनामा नाही, खून करायला निघालेल्या माणसाचं समर्थन आहे. शायलॉक कठोर आहे, मुलीपेक्षा डुकाटांसाठी जास्त रडतो असं वाटायला लावतो, आणि सुरी त्याने खरोखर परजली आहे. मायेने त्याचं टोक बोथट करू नये. ज्याच्यावर अन्याय झाला तो गोड असला पाहिजे, ही अटही दुटप्पीच आहे.

एकच संहिता कुठे कुठे जाते पाहा. १८७९ मध्ये लंडनला हेन्री आयर्विंगने शायलॉक असा उभा केला की प्रेक्षकांना त्याची कणव आली. मुलगी पळून गेल्यावर रिकाम्या घराच्या दारावर थाप मारणारा बाप त्याने पदरचा घातला. १९४३ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये नाझी अधिकाऱ्याच्या आग्रहावरून हेच नाटक झालं आणि वेर्नर क्राउसने शायलॉक किळसवाणा केला. शहरातले बहुतेक ज्यू तोवर परागंदा झाले होते किंवा छावण्यांकडे पाठवले गेले होते. पण नाझींनाही हे नाटक जसंच्या तसं चाललं नाही. ज्यूची मुलगी ख्रिश्चनाशी लग्न करते हे १९३५ च्या कायद्यांत बसेना, म्हणून त्या काळातल्या काही प्रयोगांत जेसिका ही शायलॉकची खरी मुलगीच नाही असं करावं लागलं. जे नाटक द्वेष्ट्यांनाही कापून घ्यावं लागतं, ते बंदी घालण्याइतकं सरळ नसतं. आणि ज्याला चांगलं ठरवायला मित्रांनाही अर्धे उतारे घ्यावे लागतात, ते पवित्रही नसतं.

ख्रिश्चन झाल्यावर शायलॉकचं काय झालं असेल? नाटक सांगत नाही. गोवा सांगतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य ज्यू वंशातला, बळाने ख्रिश्चन केलेल्या आईबापांचा मुलगा. १५३४ मध्ये तो गोव्यात आला, मुंबई बेटाचा पट्टा त्याच्या नावावर होता, आणि हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं होतं. त्याचा पहिला डोळा होता तो अशा 'नवख्रिस्तीं'वर: बाप्तिस्मा झालाय, पण शनिवारी चूल पेटते की नाही? ओर्ता १५६८ मध्ये अंथरुणात मेला म्हणून सुटला असं वाटलं. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली.

आधी बदल म्हणायचं, आणि बदलल्यावर विश्वास ठेवायचा नाही. नाटकातही तसंच आहे. जेसिका बापाला सोडून, पैसे घेऊन, प्रियकर लोरेंझोबरोबर हौसेने ख्रिश्चन व्हायला निघते. पोर्शियाच्या घरी, बेलमाँटला पोचते तेव्हा अँटोनियोचा मित्र ग्रॅशियानो म्हणतो, हा पहा लोरेंझो आणि त्याची काफिर आली. नोकर लान्सलॉट कुरकुरतो, असे ज्यू बाटवत सुटलात तर डुकराचं मांस महागेल. लोक हसतात. लोपेझवर हसले तसेच.

२०१६ मध्ये घेटोला पाचशे वर्षं झाली तेव्हा हे नाटक पहिल्यांदा त्या घेटोतच उघड्यावर झालं. सोबत व्हेनिसमध्ये एक लटकी अपील-सुनावणीही झाली, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग अध्यक्षस्थानी होत्या. शायलॉकला मालमत्ता परत मिळाली. मांसाचं खत गैरलागू ठरलं. आणि धर्मांतराची सक्ती रद्द झाली. गंमत म्हणून केलेला खटला, पण कुठलं कलम खोडायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं.

माझी मागणी छोटी आहे. पाठांतराला द्यायचंच असेल तर पोर्शियाचं भाषण आणि 'समाधान आहे, मला बरं वाटत नाहीये' हे एकाच मुलाला, एका दमात म्हणायला द्या. बोटं वरून खाली आणताना त्याला पुढचं माहीत असू दे. मंचावर करायचं असेल तर बाप्तिस्मा गिळू नका. २०१५ च्या ग्लोब थिएटरच्या प्रयोगात जोनाथन प्राइसच्या शायलॉकला शेवटी खरोखर पाण्यापाशी आणलं होतं. आणि पाचवा अंक कापू नका. चांदणं, संगीत, अंगठ्यांची थट्टा हे सगळं शायलॉकनंतर पचायला जड जातं म्हणून दिग्दर्शकांनी तो छाटल्याची उदाहरणं आहेत, पण ते पचत नाही म्हणूनच ते तिथे हवं.

त्या अंकाच्या अगदी शेवटी शायलॉकचं बक्षीसपत्र लोरेंझोच्या हातात पडतं. त्याने मागाहून सही करतो म्हटलेला तो कागद. लोरेंझो खूश होऊन म्हणतो, बायांनो, तुम्ही उपाशी लोकांच्या वाटेत मान्ना टाकलात. मान्ना म्हणजे मोशेबरोबर मिसर सोडून वाळवंटात भटकणाऱ्या ज्यूंना आकाशातून मिळालेलं अन्न. सासऱ्याचं धन, सासऱ्याचा धर्म सोडवून मिळवलेलं, आणि उपमाही सासऱ्याच्याच पोथीतली. जेसिका तिथे शेजारीच उभी असते. तिच्या तोंडी एकही शब्द नाही.